जमिनीचा शब्बाथ आणि आज्ञापालनाचा इशारा (लेवीय 25 व 26): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड, दिंडोरी, चांदवड आणि खुद्द नाशिक शहरात बायबल अभ्यासाला बसणाऱ्यांकडून बायबलच्या लेवीय या पुस्तकातल्या या दोन अध्यायांवर सारखे प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत शेतकरी आहेत, शेती सोडून शहरात आलेले आहेत आणि ख्रिस्ती नसलेले शेजारीही आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. लेवीय 25 आणि 26 मध्ये नेमकं सांगितलंय काय?

सीनाय पर्वतावर परमेश्वराने मोशेमार्फत इस्राएल लोकांना दिलेले नियम. पंचविसावा अध्याय जमिनीचा आहे. सहा वर्षं पेरा, सहा वर्षं द्राक्षमळ्याची छाटणी करा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा, म्हणजेच शब्बाथ, द्या. अशी सात सप्तकं झाली की पन्नासावं वर्ष योबेलचं, आणि त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. सव्विसावा अध्याय परिणाम सांगतो. आज्ञा पाळल्या तर वेळेवर पाऊस, पोटभर भाकर, निर्धास्त झोप. मोडल्या तर काय ओढवेल याचा लांबलचक इशारा.

दोन्ही अध्याय जोडूनच वाचावेत. इशाऱ्याच्या शेवटाकडे (26:34-35) पुन्हा जमिनीचाच विषय निघतो: लोक परमुलखात हाकलले जातील, आणि त्यांनी जो विसावा दिला नाही तो जमीन स्वतः भोगून घेईल. या सगळ्याचा पाया 25:23 मध्ये आहे. जमीन माझी आहे, असं परमेश्वर म्हणतो. तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे आहात. सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो, हे वचन त्या नावाच्या वर उभं आहे.

2. सातव्या वर्षी काय बंद आणि काय चालू?

पेरणी बंद, छाटणी बंद. आपोआप उगवून आलेलं पीक कापून कोठारात भरणंही बंद. खाण्यावर मात्र बंदी नाही. जे उगवेल ते मालक, त्याचे दास-दासी, मजूर, परका, घरची गुरं आणि रानातली जनावरं, सगळ्यांनी खायचं (25:6-7). निर्गम 23:11 मध्ये गरिबांना पुढे ठेवलं आहे, आणि त्यांचं उरलेलं वनपशूंसाठी आहे. म्हणजे त्या वर्षी कुंपण असून नसल्यासारखं. अनुवाद 15 मधली कर्जमाफीही सातव्याच वर्षाची. तिच्याविषयी प्रश्न 9 पाहा.

3. मग वर्षभर खायचं काय? हा तर उपाशी मरायचा धंदा झाला.

हा प्रश्न लेवीय 25:20 मध्येच आहे. लोक तो विचारतील हे गृहीत धरलेलं आहे. उत्तर असं की सहाव्या वर्षी तीन वर्षांना पुरेल एवढं पिकेल. तीन का, तर सातवं वर्ष मोकळं गेलं, आठव्या वर्षी पेरलं, तरी ते पीक हाती येऊन नवव्यापर्यंत पोचायला जुनं धान्य लागतं. आज्ञापालनाचा कस इथेच लागतो. सहाव्या वर्षी दुप्पट-तिप्पट पिकलं की ते विकून टाकायचा मोह कोणालाही होईल.

प्रत्यक्षात हे सोपं गेलं नाही. यहूद्यांच्या इतिहासात शब्बाथ वर्षामुळे वेढ्यात सापडलेल्या लोकांचं धान्य संपल्याचा उल्लेख मक्काबी यांच्या पहिल्या पुस्तकात आहे (6:49, 53). रोमन काळात ज्युलियस सीझरने यहूदियाला या वर्षापुरती कराची सूट दिली होती, असं इतिहासकार जोसेफस नोंदवतो.

4. इशारा नक्की कोणाला दिला आहे?

जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्या सगळ्या समाजाला. सव्विसाव्या अध्यायातला 'तुम्ही' अनेकवचनी आहे. एकट्यादुकट्या शेतकऱ्याला उद्देशून हे बोलणं नाही.

इशारा पाच टप्प्यांनी चढत जातो. आधी आजार, आणि पेरलेलं शत्रूच्या घशात. मग आकाश लोखंडासारखं आणि जमीन पितळेसारखी, कष्ट फुकट. मग रानटी श्वापदं आणि ओस रस्ते. चौथ्या टप्प्यावर तलवार, मरी आणि दुष्काळ. दहा बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतील आणि ती तोलून वाटावी लागेल (26:26). घरोघरचं पीठ संपत आल्यावर बायकांनी सरपण आणि चूल एकत्र केली, एवढंच ते दृश्य आहे, पण सगळ्या अध्यायात मला तेच सर्वांत भेदक वाटतं. शेवटी देश उजाड आणि लोक परागंदा.

प्रत्येक नवा टप्पा 'एवढं होऊनही ऐकलं नाही तर' अशा अर्थाने सुरू होतो, म्हणजे वळायला जागा ठेवलेली आहे. अध्यायाचा शेवटही शिक्षेवर होत नाही. लोक आपला आणि वाडवडिलांचा अपराध कबूल करतील तेव्हा मी करार आठवीन, आणि त्या देशाचीही आठवण करीन, असं 26:42 मध्ये आहे. देव माणसांच्या बरोबरीने जमिनीची आठवण ठेवतो.

5. गारपिटीत आमची बाग गेली. मंडळीतलं कोणीतरी म्हणालं, 'काहीतरी आज्ञा मोडली असेल.' हे खरं आहे का?

नाही. असं बोलणाऱ्याने बायबल अर्धंच वाचलं आहे.

ईयोबाच्या मित्रांनी नेमकं हेच केलं. त्याचं सगळं गेल्यावर ते त्याच्या पापाचा हिशेब मांडत बसले, आणि पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असं वाटतं का, असं विचारून प्रभू येशूने स्वतःच 'नाही' म्हटलं (लूक 13:4-5). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं तेव्हाही त्याने दोष त्या माणसावर किंवा त्याच्या आईबापांवर टाकू दिला नाही (योहान 9:3). नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस सारखाच पडतो, हेही त्याचेच शब्द (मत्तय 5:45).

गारपीट झालेल्या बागेत दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. मांडवाखाली मण्यांचा खच, फुटलेल्या मण्यांवर माशा, काड्यांची साल गारांनी सोललेली. यंदाचा माल गेलाच, पण ज्या काडीवर पुढचा भरवसा तिलाही मार बसलेला. अशा घरी हा अध्याय घेऊन जाऊ नका. जाताना पैसे घेऊन जा, पडलेला मांडव उभा करायला चार हात घेऊन जा.

मग इशाऱ्याचा उपयोग काय? जे आपल्या हातून होतं त्यासाठी तो आहे. नदीत सोडलेलं सांडपाणी, एकावर एक मारलेल्या बोअर, वर्षानुवर्षं पाटाचं पाणी तुंबवून खारावलेली काळी जमीन. इथे कारण आणि परिणाम डोळ्यांना दिसतात, आणि जबाबदार कोण हेही बहुतेक वेळा गावाला ठाऊक असतं. इशारा त्यांना वाचून दाखवावा.

6. 'योग्य ऋतूत पाऊस' म्हणजे कधीचा पाऊस? आमच्याकडे मार्चमधला पाऊस आला की पोटात गोळा येतो.

तिकडचं ऋतुचक्र आपल्या उलट आहे. इस्राएल देशात उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आगोटीचा पाऊस पेरणीला लागतो, मार्च-एप्रिलचा वळवाचा पाऊस गव्हाच्या ओंब्या भरायला. तो शेवटचा पाऊस त्यांना वरदान. नाशिकला त्याच सुमारास द्राक्षांत साखर उतरलेली असते आणि एका सरीने मणी तडकतात. त्यामुळे वचनातला महिना उचलून आपल्याकडे लावू नये. अर्थ लावायचा तो 'योग्य ऋतूत' या शब्दांचा.

26:5 मध्ये मळणी द्राक्षतोडणीपर्यंत चालेल आणि तोडणी पेरणीपर्यंत, असं म्हटलं आहे. तिथे धान्याची मळणी उन्हाळ्याच्या तोंडाशी, द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबरात आणि पेरणी पावसाबरोबर. एक काम उरकण्याआधी दुसरं दारात, इतकं पीक. पुढे 26:10 मध्ये जुना साठा खात असतानाच नव्यासाठी जागा करावी लागेल असंही आहे. चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक असताना लासलगावला लाल कांदा येऊ लागला की आपल्याकडे भाव कोसळण्याची धास्ती असते. लेवीयमध्ये मात्र भरपूर पीक म्हणजे निव्वळ आशीर्वाद. भरघोस पिकणंच शेतकऱ्याच्या जिवावर उठावं, ही व्यवस्था आपण माणसांनी उभी केली आहे.

7. ख्रिस्ती माणसावर शब्बाथ वर्षाचं बंधन आहे का?

नाही. यहूदी परंपरेतही हा नियम इस्राएलच्या भूमीपुरताच धरला जातो. कलस्सैकरांस पत्र 2:16-17 सांगतं की सणवार आणि शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. त्यामुळे अमक्याने जमीन पड ठेवली नाही म्हणून त्याला मंडळीत खाली बघायला लावणं चूक आहे. जमीन देवाची आहे, हे सत्य मात्र इस्राएलशी केलेल्या कराराबरोबर जुनं होत नाही. स्तोत्र 24 तेच म्हणतं.

8. द्राक्षबागेची एक वर्ष छाटणी केली नाही तर वेलीचं वाटोळं होईल. मग हा नियम देवाने दिलाच कसा?

तिकडची वेल आणि इकडची वेल यांचं वेळापत्रक वेगळं आहे. थंडीत पानं गाळून वेल तिथे आपणहून झोपी जाते, आणि वर्षातून एकदाच छाटणी होते. एक वर्ष छाटणी चुकली तर फळ बारीक येतं, वेल रानटी वाढते, पण पुढच्या हिवाळ्यात आवरता येते. आपल्या हवेत वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड घेतली नाही तर नव्या काड्या धड तयार होत नाहीत आणि काडीत घडच धरत नाही.

म्हणून बागाईतदाराने हा नियम अक्षरशः पाळायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नियमातली दयामाया बागेत आणायचे मार्ग आहेत. माल उतरल्यावर खरड छाटणीपर्यंत बागेला खरी विश्रांती द्या, त्या काळात शेणखत आणि पाणी द्या. वेलीच्या ताकदीबाहेर घड ठेवू नका. विरळणीच्या वेळी हात आखडतो, पण थकलेली वेल दुसऱ्या वर्षी ते वसूल करते. ओळींमधल्या पट्ट्यात ताग किंवा धैंचा घेऊन तिथेच मुजवा.

9. आमची दोन एकर, तीही सोसायटीत अडकलेली. पड ठेवली तर मार्चमध्ये नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं) कशाने करू?

पड ठेवू नका. कर्जातल्या दोन एकरवाल्याने एकट्याने जमीन मोकळी सोडावी असं शास्त्रात कुठेही नाही. सातव्या वर्षी जमिनीला विसावा होता तसा कर्जदारालाही होता (अनुवाद 15:1-2), आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं द्यायला हात आखडणाऱ्याला वेगळी ताकीद होती (15:9). निम्मा नियम शेतकऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि उरलेला निम्मा सावकाराने विसरायचा, हे त्या शास्त्रात बसत नाही.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक ओरडतात की धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण टाकली आणि राजाचा कर भरायला पैसे काढले. नहेम्या जमीनदारांना सगळ्यांसमोर उभं करतो आणि शेतं, द्राक्षमळे, जैतूनमळे परत करायला लावतो. पुढे दहाव्या अध्यायात लोक शपथ घेतात ती दोन्ही गोष्टींची: सातव्या वर्षी जमीनही सोडू आणि येणंही सोडू (10:31).

जमतील अशा गोष्टी लहान आहेत. बेवड पाळा, म्हणजे कांद्यावर कांदा घेऊ नका. वर्षामागून वर्षं तेच केलं की करपा आणि पीळ पाठ सोडत नाहीत. मध्ये एखादं कडधान्य येऊ द्या. पावसाळ्यात दहा गुंठ्यांवर ताग टाका आणि फुलावर येताच गाडा. पुढच्या वर्षी दुसरे दहा गुंठे.

10. जमीन पड ठेवायची रीत आपल्याकडेही होती. मग यात बायबलचं वेगळं काय? आणि हिंदू ग्रंथांत असं काही आहे का?

रीत होती. सुरगाणा-पेठकडच्या डोंगरउतारांवर वरकस जमिनीत नागली, वरई, खुरासणी अशी पिकं घेऊन जमीन पड सोडायची पद्धत जुनी आहे. आदिवासी शेतकऱ्याला ते कोणी पोथीतून शिकवलेलं नाही. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातलं भूमिसूक्त तर थेट जमिनीशी बोलतं: हे भूमी, मी तुझं जे खणीन ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला माझ्याकडून इजा न होवो. नांगर धरणाऱ्याने रोज म्हणावी अशी ही प्रार्थना आहे.

फरक असा की भूमिसूक्तात भूमी माता आहे आणि माणूस तिचा पुत्र. लेवीयमध्ये भूमी देवाची मालमत्ता आहे, माणूस तिथे कूळ म्हणून राहतो. आणि विसावा कशासाठी, तर उत्पन्न वाढावं म्हणून, असं लेवीय कुठेही म्हणत नाही. जमिनीचा तो हक्कच आहे, पीक वाढो न वाढो.

11. बाबेलच्या राजाने यहूद्यांना धरून नेलं, त्या बंदिवासात जमिनीने 70 वर्षं विसावा घेतला म्हणतात. पण यरुशलेम पडलं इ.स.पू. 586 मध्ये आणि इराणच्या कोरेश राजाने परतीची परवानगी दिली 538 मध्ये. हिशेब कसा जुळतो?

70 वर्षं यिर्मयाने सांगितली (25:11, 29:10), आणि 2 इतिहास 36:21 ने ती लेवीयच्या इशाऱ्याशी जोडली. काही जण बाबेलचा वरचष्मा सुरू झाला त्या इ.स.पू. 605 पासून परतीपर्यंत मोजतात, तेव्हा आकडा सत्तरच्या जवळ येतो. काही जण मंदिर पडलं त्या 586 पासून ते पुन्हा उभं राहिलं त्या 516 पर्यंत मोजतात. तिथे बरोबर सत्तर. '490 वर्षं शब्बाथ मोडले म्हणून 70' हे गणित पुष्कळ प्रवचनांत ऐकू येतं, पण 490 हा आकडा त्या वचनात नाही.

याहून अवघड प्रश्न वेगळा आहे आणि तो फार थोडे विचारतात. जमीन खरंच ओस होती का? बाबेलच्या गारद्यांचा सरदार नबूजरदान याने देशातल्या अगदी कंगाल लोकांना मागे ठेवलं, द्राक्षमळे आणि शेतं करायला (2 राजे 25:12). यिर्मया 39:10 सांगतो की ज्यांच्याजवळ काहीच नव्हतं त्यांना त्याने मळे आणि शेतं दिली. पुढे 40:12 मध्ये तर परत आलेल्यांनी द्राक्षारस आणि उन्हाळी फळं विपुल गोळा केल्याची नोंद आहे. म्हणजे सगळी शेती थांबली नव्हती. निघून गेले ते राजे, सरदार आणि मोठ्या जमिनींचे धनी, ज्यांनी यिर्मयाच्या काळात दास सोडून पुन्हा धरून आणले होते (यिर्मया 34). भूमिहीनांच्या हाती मळे आले ते परक्या सरदाराकडून, आपल्या लोकांकडून नाही. हा अध्याय वाचताना तिथे थांबायला हवं.

12. वडिलोपार्जित जमीन एनए करून विकणं पाप आहे का?

सरसकट पाप म्हणता येणार नाही. लेवीयमध्ये कायमची विक्रीच नव्हती. योबेलपर्यंत जितकी पिकं निघतील तितक्यांची किंमत घ्यायची (25:15-16), म्हणजे आपण खंडाने देतो त्यासारखं. तटबंदीच्या शहरातलं घर मात्र अपवाद: वर्षभरात सोडवलं नाही तर ते घेणाऱ्याचं कायमचं (25:29-30). त्या कायद्याला एकच भीती होती, की एखादं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन होईल. तुमची विक्री त्या वाटेने जाते का, हे घरातल्या सगळ्यांनी बसून तपासा.

घेणाऱ्यासाठी 1 राजे 21 आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने आधी चांगली किंमतच देऊ केली होती. नाबोथ 'वाडवडिलांचं वतन देणार नाही' म्हणाला, तेव्हा खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारलं. शेतकऱ्याचा नकार ऐकून घेता येतो की नाही, तिथे घेणाऱ्याची परीक्षा आहे.

13. बांध कोरणं आणि बहिणीकडून हक्कसोड घेणं, यांवर काही सांगितलंय का?

दोन्हींवर आहे. शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्याला अनुवाद 27:17 मध्ये शाप आहे, आणि त्यावर सर्व लोकांनी 'आमेन' म्हणायचं आहे. दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडे घालायचं आणि रविवारी पहिल्या बाकावर बसायचं, हे जमणारं नाही.

हक्कसोडीसाठी गणना 27 वाचा. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर उभ्या राहून बापाचं वतन मागतात, आणि परमेश्वर म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना भाऊ नव्हता, हे खरं. पण आज ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा-मुलगी असा भेद नाही. बहीण खुशीने सोडत असेल तर तिचा प्रश्न. माहेर तुटेल या धाकाने सही घेतली असेल तर ती खुशी नव्हे.

14. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, जमीन नाही. आम्हाला यातलं काय लागू?

बरंच. वेढ्याच्या काळातसुद्धा फळझाडं तोडू नका, असं अनुवाद 20:19 सांगतं. रस्तारुंदीत झाडं जाताना हे वचन आठवायला हरकत नाही. नाशिककर जिला गंगा म्हणतात त्या गोदावरीत सोसायटीचं सांडपाणी कुठून जातं, हे शोधून काढणं आपल्या हातात आहे. खाली गोदा आणि कादवा मिळतात तिथे नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ आहे, 2020 मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ. शहरातून सुटलेलं सगळं वाहत तिकडेच जातं. सातव्या वर्षाच्या ताटात वनपशूही होते (प्रश्न 2).

15. हे वर्ष आज कोणी पाळतं का?

हो, इस्राएलमधले धर्मनिष्ठ यहूदी शेतकरी. मागचं वर्ष 2021-22 होतं, पुढचं 2028-29 च्या सप्टेंबर ते सप्टेंबर. तिथेही पोटाचा प्रश्न आलाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही धर्मगुरूंनी जमीन त्या वर्षापुरती बिगरयहूदी माणसाला विकल्याचं धरून शेती चालू ठेवायची सवलत दिली. काहींना ती मान्य आहे, काहींना अजिबात नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहूद्यांवर जमिनीचा नियम लागू नव्हता (प्रश्न 7), पण आठवड्याचा शब्बाथ त्यांनी सोडला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत.